जास्त पॉवरच्या कामासाठी पिझो सिरॅमिक कसं पारखावं

पिझो सिरॅमिक म्हणजे वीज दिली की कंप पावणारं सिरॅमिक. कॅटलॉगात त्याचा यांत्रिक क्यू (जितका जास्त, तितकी कंपनात ऊर्जा कमी वाया जाते) १००० दिसतो, क्युरी तापमान (ज्याच्या वर पिझो गुण नाहीसा होतो) ३०० अंश दिसतं, आणि तेवढ्यावर मोठ्या पॉवरच्या ट्रान्सड्यूसरसाठी, म्हणजे विजेची कंपनं करणाऱ्या उपकरणासाठी, सिरॅमिकची ऑर्डर जाते. पण तो १००० चा आकडा अगदी कमी सिग्नलवर, २५ अंश तापमानात, मोकळ्या ठेवलेल्या नमुन्यावर मोजलेला असतो. प्लास्टिक वेल्डिंगच्या हॉर्नमागे (हॉर्न म्हणजे कंपनं कामापर्यंत नेणारा धातूचा दांडा), दातांच्या स्केलरमध्ये किंवा सोनारच्या, पाण्यात ध्वनी सोडणाऱ्या प्रोजेक्टरमध्ये तेच सिरॅमिक जोरात कंप पावतं, तापतं आणि बोल्टच्या दाबाखाली असतं. तिथे क्यू निम्म्यावर किंवा त्याहून खाली येऊ शकतो. कॅटलॉगात ज्याचा क्यू सर्वांत जास्त, तेच सिरॅमिक तुमच्या प्रत्यक्ष कामातही सर्वांत चांगलं ठरेल असं अजिबात नाही. म्हणून तुलना करायची ती, ज्या कंपनवेगावर आणि ज्या तापमानाला ते चालणार आहे, त्याच ठिकाणी. ती कशी करायची, ते इथे क्रमाने मांडतो. सगळा भर रेझोनन्सवर, म्हणजे वस्तूच्या स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेवर, चालणाऱ्या कामांवर आहे. इंजेक्टर किंवा पोझिशनरसारख्या, रेझोनन्सपासून दूर चालणाऱ्या ॲक्च्युएटरचा हिशोब निराळा असतो.

पहिली पायरी: तुमचं काम कशावर अडणार ते ओळखा

ट्रान्सड्यूसरवर भार कमी असेल, म्हणजे हॉर्न बहुतांश वेळ हवेत आणि थोडाच वेळ कामावर, तर कंपनं खूप वाढतात आणि व्होल्टेज कमी लागतं. अशा कामाची मर्यादा यांत्रिक असते: कंपनवेग, ताण आणि यांत्रिक लॉस (उष्णतेत वाया जाणारी ऊर्जा). उलट क्लीनिंग टँक किंवा पाण्यातल्या प्रोजेक्टरवर पाण्याचा भार मोठा असतो. तिथे तेवढीच पॉवर बाहेर काढायला व्होल्टेज चढवावं लागतं. मग मर्यादा येते ती विद्युत क्षेत्राची, म्हणजे जास्त क्षेत्रावरच्या टॅन डेल्टाची (विद्युत लॉसचा आकडा). बहुतेक चुकीच्या निवडी इथेच होतात: पाण्याखालच्या कामासाठी क्यूचा आकडा बघितला जातो आणि वेल्डिंगसाठी टॅन डेल्टाचा.

म्हणून नमुने मागवण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा. सिरॅमिकच्या जागी अपेक्षित कंपनवेग किती, सिरॅमिकवर विद्युत क्षेत्र किती, आणि यंत्राच्या आत सर्वांत वाईट दिवशी तापमान किती. तिसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष करू नका. कॅटलॉग २५ अंशांचं आहे. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली बंद कॅबिनेटमध्ये यंत्र सुरू करण्याआधीच ४५ अंश असू शकतात.

दुसरी पायरी: कॅटलॉग वाचा, पण गाळण्यापुरताच

जास्त पॉवरसाठी मुख्यतः ‘हार्ड’ पीझेडटी (लेड झिर्कोनेट टायटनेट) वापरतात. यात लोह किंवा मँगनीजसारखी मूलद्रव्यं मिसळलेली असतात. त्यामुळे जाळीत ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा तयार होतात, त्या डोमेनच्या (एकाच दिशेने ध्रुवित असलेल्या भागांच्या) भिंतींना जखडून ठेवतात आणि लॉस कमी होतो. ‘सॉफ्ट’ प्रकारात नायोबियम किंवा लॅन्थॅनम असतं. भिंती सहज हलतात, संवेदनशीलता वाढते, पण त्याबरोबर लॉसही वाढतो.

बाजारात अजूनही अमेरिकन नौदलाच्या जुन्या वर्गवारीची नावं चालतात. टाइप १ म्हणजे पीझेडटी-४ चा वर्ग आणि टाइप ३ म्हणजे पीझेडटी-८ चा. पीझेडटी-४ चा डी-३३ (दर न्यूटन बलामागे मिळणारा चार्ज) सुमारे २८९ पिकोकुलोंब प्रति न्यूटन, क्यू ५०० च्या आसपास, क्युरी तापमान ३२८ अंश. पीझेडटी-८ चा डी-३३ सुमारे २२५, क्यू १००० च्या आसपास, क्युरी तापमान ३०० अंश. दोन्हींचा कमी सिग्नलवरचा टॅन डेल्टा जवळपास सारखाच, ०.४ टक्के. सॉफ्ट वर्गातल्या पीझेडटी-५एच चा डी-३३ थेट ५९३, पण क्यू ६५, टॅन डेल्टा २ टक्के आणि क्युरी तापमान अवघं १९३ अंश. रेझोनन्सवर सतत चालवायच्या कामाला तो नकोच.

तक्त्यात ४ आणि ८ यांचा टॅन डेल्टा सारखा दिसतो, पण सेंटिमीटरला ४ किलोव्होल्ट क्षेत्र लावलं की चित्र बदलतं. पीझेडटी-४ चा टॅन डेल्टा काही टक्क्यांपर्यंत चढतो, तर पीझेडटी-८ चा त्याच्या काही पट खाली राहतो. विक्रेत्याच्या तक्त्यात जास्त क्षेत्रावरचा आकडा दिलेला नसेल तर तो लेखी मागा. देता येत नसेल तर त्यांनी तो मोजलेलाच नाही असं समजून चाला आणि तुम्ही स्वतः मोजा.

क्युरी तापमानाबद्दल एक जुना ठोकताळा आहे: अंश सेल्सिअसमध्ये त्याच्या निम्म्याच्या वर सतत चालवू नये. म्हणजे ३०० अंशांच्या मालाला १५० ही शेवटची सीमा. पण लॉस वाढणं त्याच्या बरंच आधी सुरू होतं, त्यामुळे ही सीमा सुरक्षिततेची म्हणा, आरामाची नव्हे.

तिसरी पायरी: नमुने मागवताना

एकाच आकाराचे, एकाच इलेक्ट्रोडचे नमुने प्रत्येक विक्रेत्याकडून मागवा. तयार रिंगा घेऊन दोन विक्रेत्यांची तुलना करू नका. रिंगेत अनेक मोड एकमेकांत मिसळतात आणि मालाचा गुण आकाराच्या गुणात हरवतो. लांब, अरुंद, पातळ पट्टी सगळ्यात सोयीची: ४३ मिमी लांब, ७ मिमी रुंद, १ मिमी जाड, दोन्ही मोठ्या पृष्ठांवर भाजलेली चांदी, पोलिंग (मोठं विद्युत क्षेत्र लावून सिरॅमिकला पिझो गुण देणं) जाडीच्या दिशेने. अशी पट्टी लांबीच्या दिशेने अर्ध्या तरंगात कंप पावते. तिचं गणित स्वच्छ आहे आणि पुढच्या सगळ्या हिशोबात मी हीच पट्टी धरली आहे.

प्रत्येक बॅचचे निदान दहा तुकडे घ्या आणि निदान दोन वेगळ्या बॅचेस घ्या. सिरॅमिकच्या गुणांत तुकड्यागणिक १०-२० टक्के फरक सहज असतो. एकाच तुकड्यावरून दोन विक्रेत्यांत डावं-उजवं ठरवणं म्हणजे नशिबावर सोडणं.

पाकिटावर पोलिंगची तारीख असायलाच हवी. पोलिंगनंतर सिरॅमिकचे गुण काळाच्या लॉगरिदमने सरकत राहतात: पहिल्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत जितका बदल, तितकाच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत. हार्ड मालात एजिंगबरोबर क्यू वाढत जातो. त्यामुळे कालच पोलिंग केलेला एक माल आणि सहा महिने कपाटात राहिलेला दुसरा, यांची तुलना अन्यायाची होते.

चौथी पायरी: कमी सिग्नलवरची मोजणी, खरोखर कमी सिग्नलवर

आधी प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्या, मापं आणि वजन घ्या. घनता अपेक्षेपेक्षा कमी आली तर आत पोकळ्या आहेत. असा तुकडा जोरात चालवला की तिथूनच तडकतो. मग एलसीआर मीटरवर १ किलोहर्ट्झला कपॅसिटन्स आणि टॅन डेल्टा, आणि त्यानंतर इम्पीडन्स ॲनलायझरवर रेझोनन्स (करंट सर्वांत सहज वाहतो ती वारंवारता) आणि अँटीरेझोनन्स (सर्वांत कमी वाहतो ती).

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणच्या हवेत, टॅन डेल्टा उगाच जास्त येतो. कारण बहुतेक वेळा सिरॅमिक नसून कडेवरचा ओलावा आणि बोटांचे ठसे असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने कडा पुसा, साठ अंशांवर तासभर वाळवा, थंड होऊ द्या, मग मोजा. तापवलेलं किंवा थंड झालेलं सिरॅमिक हातात घेण्याआधी दोन्ही इलेक्ट्रोड शॉर्ट करण्याची सवय लावून घ्या. तापमान बदललं की त्यावर स्वतःहून चार्ज जमतो.

पट्टीचा रेझोनन्स कुठे यायला हवा? पीझेडटी-८ ची घनता ७६०० किलो प्रति घनमीटर आणि लवचिक स्थिरांक ११.५ गुणिले १० चा उणे १२ वा घात चौरस मीटर प्रति न्यूटन धरला, तर ध्वनीचा वेग सुमारे ३३८० मी/से येतो. ४३ मिमी लांबीला रेझोनन्स सुमारे ३९.३ किलोहर्ट्झ. क्यू काढायचा तो ॲडमिटन्सच्या (दर व्होल्टला वाहणारा करंट) शिखराच्या ३ डेसिबल रुंदीवरून: रेझोनन्स वारंवारता भागिले ती रुंदी. क्यू १००० असेल तर रुंदी जेमतेम ३९ हर्ट्झ असते, म्हणून ॲनलायझरचं पाऊल १ हर्ट्झ किंवा त्याहून बारीक ठेवा. नाहीतर शिखर दोन बिंदूंच्या मध्ये निसटतं आणि क्यू कमी दिसतो.

आता ज्याकडे फार कमी लोक लक्ष देतात ते. अशी पट्टी रेझोनन्सवर असताना १.२ व्होल्टचं शिखर-व्होल्टेज लावलं आणि क्यू १००० असेल, तर टोकाचा वेग अर्धा मीटर प्रति सेकंद होतो. म्हणजे ॲनलायझर १ व्होल्टवर ठेवून तुम्ही ज्याला कमी सिग्नलची मोजणी म्हणता, ती प्रत्यक्षात जोरदार चालवलेल्या सिरॅमिकची मोजणी ठरू शकते. पातळी १० ते ५० मिलिव्होल्टवर आणा, आणि पातळी निम्मी केल्यावर क्यू तोच येतो का ते बघा. तसाच आला, तरच तो कमी सिग्नलचा क्यू. व्होल्टमध्ये विचार करणं इथेच सोडा. यापुढे सगळं कंपनवेगात.

पाचवी पायरी: पट्टी धरायची कशी

जास्त पॉवरच्या मोजणीतल्या अर्ध्याअधिक गोंधळांचं मूळ पकडीत असतं. अर्ध्या तरंगाच्या पट्टीत मधला बिंदू स्थिर असतो, तो नोड. पट्टीला फक्त तिथेच, दोन टोकदार स्प्रिंग-पिनांमध्ये धरायचं, एक वर एक खाली, अगदी समोरासमोर. पिना मध्यापासून एक मिलिमीटर जरी सरकल्या तरी क्यू खाली येतो. पट्टीवर पेन्सिलीने मध्यरेषा आखा, भिंगातून बघून पिना बसवा, पट्टी काढून पुन्हा बसवा आणि क्यू पुन्हा मोजा. दोन बसवणींमध्ये पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडत असेल तर सिरॅमिकची तुलना सुरू करू नका. आधी पकड सुधारा. तारा सोल्डर करायच्याच असतील तर केसासारख्या बारीक, मध्यरेषेवर, आणि सोल्डरिंगची टोच दोन-तीन सेकंदांच्या वर नको. जास्त वेळ टेकवली की त्या जागेचं पोलिंग उतरतं.

तापमान मोजायलाही मधलाच भाग. ताण तिथे सर्वाधिक, म्हणून उष्णताही तिथेच जास्त. थर्मोकपल चिकटवला तर तो स्वतःच कंपनं दाबतो. इन्फ्रारेड कॅमेरा चांगला, पण चमकदार चांदीवर तो खोटं बोलतो, कारण चांदी उष्णता फार कमी उत्सर्जित करते. मध्यरेषेजवळ, पिनेच्या बाजूला, मॅट काळ्या रंगाचा तिळाएवढा ठिपका द्या आणि कॅमेरा त्यावर रोखा. ठिपका देण्याआधी आणि नंतर क्यू मोजून घ्या, म्हणजे रंगाचा परिणाम नगण्य आहे याची खात्री होते.

सहावी पायरी: कंपनवेग वाढवत न्या

जास्त पॉवरच्या मालाची तुलना कंपनवेगावर करण्याचं कारण साधं आहे: तो पट्टीच्या लांबीवर अवलंबून नसतो. अर्ध्या तरंगाच्या पट्टीत मधला ताण म्हणजे घनता गुणिले ध्वनीचा वेग गुणिले टोकाचा कंपनवेग. आपल्या पट्टीसाठी १ मी/से ला सुमारे २६ मेगापास्कल. पट्टी लांब असो वा आखूड, वेग तोच तर ताण तोच.

टोकाचा वेग लेझर व्हायब्रोमीटरने थेट वाचता येतो. तो नसेल तर अडून बसू नका. रेझोनन्सवर पट्टीतला करंट आणि टोकाचा वेग यांचं नातं सरळ असतं: करंट म्हणजे दोन गुणिले रुंदी गुणिले डी-३१ (डी-३३ सारखाच, पण पोलिंगला आडव्या दिशेच्या बलासाठी) भागिले लवचिक स्थिरांक, आणि हे सगळं गुणिले वेग. पीझेडटी-८ चा डी-३१ ९७ पिकोकुलोंब प्रति न्यूटन धरला तर ७ मिमी रुंदीला १ मी/से साठी ११८ मिलिअँपिअर येतात. म्हणजे ०.१ मी/से साठी १२ आणि ०.५ मी/से साठी ५९ मिलिअँपिअर, सगळे शिखराचे आकडे. करंट प्रोब आणि ऑसिलोस्कोप एवढ्यावर काम भागतं.

आता वारंवारता फिरवून आलेख काढायचा. इथे व्होल्टेज स्थिर ठेवून स्वीप करू नका. जोर वाढला की सिरॅमिक किंचित मऊ होतं, रेझोनन्स खाली सरकतो आणि शिखर एका बाजूला कलंडतं. वर जाताना उडी एका जागी, खाली येताना दुसऱ्या जागी. त्या वाकड्या शिखराच्या ३ डेसिबल रुंदीला काही अर्थ उरत नाही. त्याऐवजी करंट स्थिर ठेवा. करंट स्थिर म्हणजे वेग जवळजवळ स्थिर, शिखर सममित राहतं आणि क्यू नीट काढता येतो. आलेख दोन्ही दिशांना तोच येतो का, हे वर-खाली स्वीप करून ताडून बघा. अँटीरेझोनन्सजवळ नियम उलटा होतो: तिथे व्होल्टेज स्थिर ठेवायचं.

०.०१ मी/से पासून सुरू करा, मग ०.०३, ०.१, ०.२, ०.३ आणि पुढे. प्रत्येक वेगाला क्यू, रेझोनन्स वारंवारता आणि काळ्या ठिपक्याचं तापमान नोंदवा. बहुतेक पीझेडटीत ०.१ मी/से पर्यंत क्यू जवळपास सपाट राहतो आणि त्यानंतर उतरू लागतो. दोन मालांमधला खरा फरक तो उतार किती तीव्र आहे यात दिसतो. ८०० वरून सुरू होऊन ०.४ मी/से ला ५०० वर टिकणारा माल, १२०० वरून सुरू होऊन तिथेच ३०० वर येणाऱ्या मालापेक्षा कितीतरी चांगला, आणि हे फक्त या आलेखातच समजतं.

कमाल कंपनवेगासाठी संशोधनात रूढ असलेली व्याख्या वापरा: ज्या वेगाला नोडचं तापमान खोलीच्या तापमानापेक्षा २० अंशांनी वर स्थिरावतं, तो कमाल वेग. बाजारातल्या चांगल्या हार्ड पीझेडटीसाठी तो साधारण ०.३ ते ०.६ मी/से च्या घरात येतो. खास मिश्रणांत प्रयोगशाळेत १ मी/से च्या जवळपास गेलेले माल आहेत. पण उघड्या पट्टीने १ मी/से गाठायला जाताना वरचे २६ मेगापास्कल आठवा. जुन्या तक्त्यांत पीझेडटी-४ ची गतिक ताणशक्ती २४ मेगापास्कलच्या आसपास आणि पीझेडटी-८ ची ३४ च्या आसपास दिलेली आहे. पट्टी तुटते ती बरोबर मधून, आणि तुकडे उडतात. चष्मा घाला, पट्टीभोवती पारदर्शक आवरण ठेवा.

सातवी पायरी: वेगाचा दोष आणि उष्णतेचा दोष वेगळे करा

सतत चालवलेल्या मोजणीत क्यू दोन कारणांनी घसरतो: कंपनं मोठी झाली म्हणून, आणि सिरॅमिक तापलं म्हणून. ही दोन कारणं वेगळी केल्याशिवाय तुमच्या यंत्राला पंखा लावून उपयोग होईल की माल बदलावा लागेल, हे कळणार नाही. मला या सगळ्या कामात ही पायरी सर्वांत मोलाची वाटते.

पद्धत अशी. रेझोनन्सवर काही काळच सिग्नल द्या आणि मग एकदम इलेक्ट्रोड शॉर्ट करा. पट्टी स्वतःच्या रेझोनन्सवर घुमत शांत होते आणि शॉर्टमधून वाहणारा करंट त्याबरोबर कमी होत जातो. तो ऑसिलोस्कोपवर पकडा. क्यू म्हणजे पाय (π) गुणिले वारंवारता गुणिले क्षयकाळ (करंट सुमारे ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ). क्यू १००० असेल तर ३९.३ किलोहर्ट्झला क्षयकाळ सुमारे ८ मिलिसेकंद. कंपन पूर्ण चढायला त्याच्या तिप्पट वेळ लागतो, म्हणजे साधारण २५ मिलिसेकंद आणि हजारभर आवर्तनं. ०.५ मी/से ला एवढ्या वेळात पट्टी किती तापते? हिशोब केला तर एक हजारांश अंश. म्हणजे जे दिसतं तो शुद्ध कंपनांचा परिणाम.

स्क्रीनवरचा उतार नीट बघा. करंटचा लॉगरिदम काढला तर तो सरळ रेषा नसतो. सुरुवातीला जास्त उतरता आणि पुढे मंद होत जातो, कारण वेग कमी होताना क्यू सुधारत जातो. त्याचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा उतार घ्या. एकाच क्षयातून वेगाविरुद्ध क्यूचा पूर्ण आलेख मिळतो. शॉर्ट करण्याऐवजी इलेक्ट्रोड उघडे ठेवले तर व्होल्टेज अँटीरेझोनन्सवर क्षय पावतं आणि तिथला क्यू मिळतो. पीझेडटीत तो अनेकदा रेझोनन्सवरच्या क्यूपेक्षा जास्त निघतो. तुमची ड्राइव्ह जास्त व्होल्टेज आणि कमी करंट देऊ शकत असेल तर अँटीरेझोनन्सकडे चालवून उष्णता कमी करता येते. ड्राइव्ह बनवणाऱ्याला हा आकडा जरूर द्या. उघड्या इलेक्ट्रोडवर मोठं व्होल्टेज असतं, हात लांब ठेवा.

हीच झटक्याची मोजणी पट्टी भट्टीत ठेवून २५, ५०, ७५ आणि १०० अंशांवर करा. आता तुमच्याकडे वेगाचा परिणाम आणि तापमानाचा परिणाम, दोन्ही स्वतंत्र आहेत. एखादा माल थंड असताना सरस आणि ७५ अंशांवर दुसऱ्याच्या मागे पडलेला दिसेल. बंद कॅबिनेटमधल्या यंत्रासाठी मी दुसराच निवडेन.

आठवी पायरी: सतत चालवून बघा

उष्णतेचा अंदाज आधी कागदावर काढा, मग प्रयोग करा. ०.५ मी/से ला, क्यू १००० असेल तर आपल्या पट्टीत दर घनसेंटिमीटरला सुमारे ०.१२ वॅट मुरतात. पूर्ण पट्टीत ०.०३५ वॅट. क्यू ३०० वर आला तर तेवढ्याच वेगासाठी व्होल्टेज १.२ वरून ४ लागतं आणि उष्णता ०.१२ वॅटवर जाते. पट्टीचं पृष्ठ ७ चौरस सेंटिमीटर, स्थिर हवेत दर चौरस मीटर-अंशाला १५ वॅट धरले तर तापमान पहिल्या बाबतीत ३ ते ४ अंश चढतं, दुसऱ्या बाबतीत ११ अंशांच्या वर.

पट्टीला स्थिर तापमान गाठायला सात-आठ मिनिटं लागतात. दर वेगाला किमान दहा मिनिटं थांबा. तापमान स्थिरावण्याऐवजी हळूहळू चढतच राहिलं तर तिथेच थांबा: क्यू घसरतो, त्यामुळे उष्णता वाढते, उष्णतेने क्यू आणखी घसरतो. हे चक्र सुरू झालं की मिनिटभरात पोलिंग उतरू शकतं. चालवताना वारंवारतेचा पाठलाग हवा, कारण तापलेल्या पट्टीचा रेझोनन्स सरकतो. स्थिर वारंवारतेवर चालवलं तर वेग आपोआप पडतो आणि माल चांगला असल्याचा भास होतो.

चाचणी संपल्यावर ताबडतोब, आणि मग २४ तासांनी, कमी सिग्नलची मोजणी पुन्हा करा. ताबडतोबच्या मोजणीत थोडा फरक दिसणारच, कारण जोराने आणि उष्णतेने एजिंगचं घड्याळ पुन्हा सुरू होतं. २४ तासांनी कपॅसिटन्स आणि कपलिंग (विद्युत ऊर्जेचं यांत्रिक ऊर्जेत होणारं रूपांतर) मूळ जागेजवळ आलं तर ठीक. नाही आलं तर कायमचं पोलिंग गेलं आहे, आणि तो वेग त्या मालासाठी जास्त होता.

नववी पायरी: जास्त क्षेत्रावरचा टॅन डेल्टा

पाण्याखालच्या कामांसाठी ही चाचणी टाळू नका, बाकीच्यांनी एकदा केली तरी पुरे. रेझोनन्सपासून खूप खाली, १ किलोहर्ट्झ किंवा त्याहून कमी वारंवारतेला, सेंटिमीटरला २ आणि ४ किलोव्होल्ट क्षेत्र लावा. १ मिमी जाडीला म्हणजे २०० आणि ४०० व्होल्ट. मालिकेत मोठा कपॅसिटर लावून चार्ज-व्होल्टेजचं कडं काढा. कड्याचं क्षेत्रफळ म्हणजे एका आवर्तनातला लॉस. कडं फुगतं किती, ते दोन मालांमध्ये शेजारी ठेवून बघितलं की टाइप १ आणि टाइप ३ मधला फरक डोळ्यांना दिसतो. इथेही सिग्नल थोडाच वेळ द्या, आणि पट्टीची कड सिलिकॉन तेलात बुडवा, नाहीतर कडेवरून ठिणगी उडते.

दहावी पायरी: बोल्टखाली

पट्टीवर जिंकलेला माल शेवटी लँजेव्हिन स्टॅकमध्ये जातो: दोन धातूंच्या मध्ये सिरॅमिकच्या रिंगा आणि आरपार बोल्ट. पॉल लँजेव्हिन यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पोलादाच्या दोन पाट्यांमध्ये क्वार्ट्झ बसवून या रचनेचं मूळ रूप पाणबुड्या शोधण्यासाठी केलं; बोल्ट नंतर आला. बोल्टचा उपयोग सिरॅमिकला कायम दाबात ठेवण्यासाठी. सिरॅमिक दाबाला बळकट आणि ताणाला कमकुवत असतं. टॉर्क रेंचवर विसंबू नका. आट्यांचं घर्षण दर बोल्टला वेगळं असतं.

दाब चार्जवरून मोजा. ५० मिमी बाहेरचा आणि २० मिमी आतला व्यास असलेल्या रिंगेचं क्षेत्रफळ सुमारे १६.५ चौरस सेंटिमीटर. ३० मेगापास्कलसाठी बल ४९.५ किलोन्यूटन. डी-३३ २२५ धरला तर एका रिंगेतून ११ मायक्रोकुलोंब, समांतर जोडलेल्या दोन रिंगांतून २२. स्टॅकला १० मायक्रोफॅराडचा चांगला फिल्म कपॅसिटर समांतर जोडा आणि बोल्ट आवळताना व्होल्टमीटर बघा: २.२ व्होल्ट म्हणजे ३० मेगापास्कल. व्होल्टमीटर जास्त इनपुट रोधाचा हवा आणि आवळणं एका दमात, नाहीतर चार्ज गळून आकडा कमी दिसतो. मोठ्या दाबाखाली डी-३३ स्वतः बदलतो, म्हणून हा अंदाज आहे. पण दोन स्टॅक सारखे बांधायला याहून भरवशाचा सोपा मार्ग मला माहीत नाही.

आवळल्यावर स्टॅक दोन दिवस तसाच ठेवा, मग कमी सिग्नलवर आणि हवेत, भाराविना, जोराने मोजा. तिथे क्यू पट्टीपेक्षा खूपच कमी आला तर दोष बहुधा मालात नसतो; धातूची पृष्ठं सपाट नसतात किंवा मधल्या इलेक्ट्रोडच्या पट्ट्या सुरकुतलेल्या असतात.

शिसेमुक्त मालाबद्दल

युरोपच्या घातक पदार्थांच्या नियमात पिझो सिरॅमिकमधल्या शिशाला आजवर सूट मिळत आली आहे, पण ती मुदतीची असते, त्यामुळे निर्यात करणाऱ्यांनी पर्याय तपासायला सुरुवात करावी. बिस्मथ-सोडियम-टायटनेटवर आधारित हार्ड मालाची एक गोष्ट खरंच लक्ष वेधून घेते: वेग वाढला तरी त्याचा क्यू पीझेडटीपेक्षा कमी घसरतो. मात्र त्याचं क्युरी तापमान न बघता डीपोलरायझेशन तापमान बघा. अनेक मिश्रणांत ते १०० ते २०० अंशांतच असतं. आणखी एक: त्याची घनता ६ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरच्या आसपास, पीझेडटीची साडेसात. सारख्या वेगाला हलक्या मालात साठलेली ऊर्जा कमी असते. म्हणून पीझेडटीशी तुलना करताना वेगाबरोबर घनता गुणिले वेगाचा वर्ग हाही आकडा मांडा. या मालाचे तुकडे असोत वा पीझेडटीचे, कापताना-घासताना कोरडी धूळ उडवू नका. पीझेडटीत तर ती शिशाची धूळ असते. पाण्याखाली घासा, गाळ वेगळा जमा करा.

खरेदीच्या कागदावर काय लिहायचं

इतकं मोजल्यावर ऑर्डरमध्ये फक्त ‘टाइप ३ किंवा समतुल्य’ लिहिणं म्हणजे सगळी मेहनत वाया घालवणं. युरोपीय मानक ईएन ५०३२४ च्या तिसऱ्या भागात जास्त पॉवरच्या मोजणीच्या पद्धती दिल्या आहेत, त्याचा आधार घेता येतो. ठरलेल्या पट्टीवर ०.३ किंवा ०.४ मी/से ला, झटक्याच्या पद्धतीने, २५ आणि ७५ अंशांना किमान क्यू किती. सेंटिमीटरला ४ किलोव्होल्टला कमाल टॅन डेल्टा किती. पोलिंगपासून किमान दहा दिवस. प्रत्येक पेटीवर बॅच क्रमांक आणि पोलिंगची तारीख. आणि प्रत्येक बॅचबरोबर त्याच पावडरच्या पाच चाचणी-पट्ट्या. शेवटची अट विक्रेत्याला थोडी जड वाटते, पण तिच्यावर अडून राहा. रिंगा एकदा स्टॅकमध्ये गेल्या की माल बदलला होता की नाही, हे सांगायला त्या पाच पट्ट्याच उरतात.